आतला आणि बाहेरचा

फोनच्या काचेवर ‘आई’ अशी अक्षरं उमटली तेव्हा कुंदनचं बोट माउसवर होतं, आणि आईला जाऊन दीड महिना होऊन गेला होता.

फोन टेबलावर थरथरत सरकत चालला. चहाच्या कपाला जाऊन टेकला आणि तिथेच घुरघुरत राहिला. कंट्रोल रूममध्ये एसीचा गारवा होता, काचेबाहेर अकोल्याचा एप्रिल पत्र्यांवर पांढरा होऊन तापत होता, आणि कुंदनच्या मानेवर मात्र घाम आला. शेजारच्या खुर्चीतले बंडूभाऊ, दुपारपाळीचे जुने ऑपरेटर, म्हणाले की साहेब, फोन वाजून राहिला तुमचा. कुंदनने ते ऐकलं. ऐकलं आणि बोट दाबलं. फोनवर नाही, पडद्यावर. पडद्यावर एक चौकोन होता, त्यात ‘कॅस्केड’ लिहिलेलं होतं, तो चौकोन हिरवा झाला. फोन आणखी थोडा वाजला आणि थांबला. आई गेली, असं त्याच्या मनात आलं, आणि आपण हे काय मनात आणतो आहोत म्हणून तो स्वतःवरच चिडला. आईचा फोन बाबांकडे राहिला होता, एवढीच गोष्ट. पण बाबांनी जन्मात कधी कुणाला फोन लावला नव्हता. फोन लावणं, उचलणं, बोलणं आणि शेवटी बंद करणं, सगळं खातं आईचं.

हे कॅस्केड म्हणजे काही फार मोठं गूढ नाही. नवे ऑपरेटर आले की कुंदन त्यांना ते समजावून सांगायचा, आणि सांगताना स्वतःवर जरा खूशच असायचा. ही सरकीच्या तेलाची टाकी. तेलाचा रंग काढायचा तर ते ठरल्या तापमानाला धरून ठेवावं लागतं. कमी पडलं तर रंग निघत नाही, जास्त झालं तर लाली तेलात कायमची बसते. तापवायला वाफ. आता समजा एकच कंट्रोलर ठेवला, तोच तेलाकडे बघणार आणि तोच वाफेचा व्हॉल्व्ह हलवणार, तर होतं काय? बॉयलर एक आणि खाणारी तोंडं चार. शेजारच्या विभागाने वाफ ओढली की इथली पडते. पण तेल म्हणजे जड, सुस्त प्रकरण. वाफ पडल्याचं त्याला उशिरा कळणार, कंट्रोलरला त्याहून उशिरा; तो घाईघाईने व्हॉल्व्ह उघडणार तोवर शेजाऱ्यांचं भागलेलं, वाफ परत जोरात, की तेल भलतंच तापणार. बैल गेला अन् झोपा केला. म्हणून कंट्रोलर दोन. बाहेरचा थोरला, तो फक्त तेलाकडे बघतो. तो व्हॉल्व्हला हात लावत नाही, आतल्याला नुसतं सांगतो की मला इतकी वाफ पाहिजे. आतला धाकटा, तो तेलाकडे बघतसुद्धा नाही. तो वाफेवर नजर ठेवून व्हॉल्व्ह धरून बसतो. वाफ जराशी लंगडली की हा लगेच व्हॉल्व्ह थोडा उघडतो, उसळली की थोडा मिटतो, आणि तेलाला यातलं काही कळतच नाही. चांगल्या आतल्याची खूण हीच, कुंदन सांगायचा, की तो आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. तो बाहेरच्यापेक्षा चपळ पाहिजे, कितीतरी चपळ. म्हणून आधी आतल्याला नीट बसवायचं, मग बाहेरच्याला. उलटं केलंत तर दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतील आणि तेल जाईल भोकात.

आणि एक गोष्ट तो बोट उगारून सांगायचा. आतला बंद पडला तर बाहेरच्याला चालू ठेवायचं नाही. त्याला आपलं वाटत राहतं की आपण सांगतोय आणि कुणीतरी ऐकतंय. तेल थंड, वाफ वाढव. तरी थंडच, आणखी वाढव. ऐकायला कोणी नाही, तर ह्याचं मागणं फुगत फुगत टोकाला जाऊन बसतं. तशात जर तुम्ही दोघांना परत जोडलंत, तर ते सगळं साचलेलं एकदम आतल्याच्या अंगावर येतं. म्हणून जोडायच्या आधी बाहेरच्याला खाली आणायचं, आतला जिथे आहे तिथे. तो जेवढं देतोय तेवढंच मागायला लावायचं. मग जोडा. धक्का बसत नाही.

तर सकाळी आतल्याचा वाफ मोजायचा फ्लोमीटर बिघडला होता. सकाळपाळीने व्हॉल्व्ह हाताने अर्धा उघडून ठेवला आणि बाहेरच्याला तसाच चालू सोडला. दुपारी फ्लोमीटर दुरुस्त होऊन आला. कुंदन बाहेरच्याला खाली आणणार, तेवढ्यात काचेवर ‘आई’ आली, आणि ज्याने साऱ्या कारखान्याला बोट उगारून शिकवलं त्याने काही न बघता जोडून टाकलं. म्हणतात ना, लोकां सांगे ब्रह्मज्ञान. व्हॉल्व्ह ताडकन सगळा उघडला. पडद्यावरची वाफेची निळी रेघ उभी चढली, तिच्यामागून तेलाची तांबडी रेघ हळूहळू, जड पायाने, पण चढायला लागली. भोंगा झाला. बंडूभाऊ अर्धे उठले. कुंदनने जोड तोडला, वाफ मिटली, बाहेरच्याला हातावर घेतलं. सगळं दोन श्वासांत झालं, पण तेल तेल आहे, ते एकदा वर जायला निघालं की तुमचं ऐकत नाही. थोडं वर गेलंच. लॅबमधून निरोप आला की या घाण्याच्या तेलाला लाली दिसते आहे, परत फिरवून बघावं लागेल. बंडूभाऊ म्हणाले, सकाळच्यायनं तसंच सोडून देल्लं होतं ना साहेब. कुंदन म्हणाला, नाही, माझी चूक आहे. आता करण्यासारखं काही नव्हतं. तेल आपल्या चालीने खाली यायचं होतं, आणि ते येईपर्यंत खुर्चीत बसून एका तांबड्या रेघेकडे बघत राहायचं होतं. फोन कपाला टेकून गप्प होता. त्यावर एक चुकलेला फोन, नाव ‘आई’.

तिवशाच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत, काळ्या मातीत त्यांचा मळा. वांगी, भेंडी, शेवंती, झेंडू. पहाटे तोडायचं आणि उजाडायच्या आत अमरावतीच्या बाजारात. त्या घरात बाप पोराशी बोलत नसे. भांडण होतं असं नाही, रीतच तशी. बाबांचे, म्हणजे पंजाबरावांचे, वडीलही त्यांच्याशी बोलले नव्हते. पोरगं कडेवर आहे तोवर लाड, मिसरूड फुटायच्या बेताला आलं की बापाची नजर त्याच्या डोक्यावरून जायला लागते आणि बोलणं बायकोच्या मार्फत. बाबा ओसरीवर बसून म्हणायचे, त्याले म्हनावं मोटार लाव. कुंदन तिथेच, खांबाला टेकून. आई चुलीपुढून यायची आणि म्हणायची, बेटा, मोटार लावतो काय रे, बाबा थकले आज. थकले हा शब्द बाबांच्या वाक्यात कुठे होता? कुंदनला दोन्ही ऐकू यायचं. लहानपणी त्याला वाटायचं सगळ्यांच्या घरी प्रत्येक गोष्ट दोनदा बोलली जाते, एकदा कच्ची आणि एकदा शिजवून. शिकून अकोल्याला नोकरी लागली, मळा करायला कोणी उरलं नाही, तेव्हा बाबा गोठ्याकडे तोंड करून म्हणाले होते, त्याले म्हना जाय, तिकडंच मर. फाट्यावर बस येईपर्यंत आई त्याची पिशवी धरून उभी होती. म्हणाली, बाबा म्हनतात, तब्येतीले जप. तो हसला होता. तीही पदर तोंडाला लावून हसली. आपल्याला सगळं कळतं आणि तिलाही कळतं की आपल्याला कळतं, या मजेत त्याची इतकी वर्षं गेली. ती बाई किती पळत होती, हे मात्र त्याने कधी पाहिलं नाही. चांगल्या आतल्याची खूण.

मग फोन आले आणि तेच फोनवर सुरू झालं. रोज संध्याकाळी आईचा फोन. मागून, लांबून, विहिरीतून आल्यासारखा बाबांचा आवाज: इचार त्याले, पगार होते का टायमावर. आणि कानाशी आई: बाबा विचारून राहिले, तुह्यावर काही ताण तं नाही. सूनबाईबद्दल, रागिणीबद्दल, बाबा काय म्हणायचे ते तर आईने कधी मागूनही ऐकू येऊ दिलं नाही. हाताने फोन झाकायची. रागिणी म्हणायची, तुमच्या घरी सरळ बोलायची पद्धत नाही का? आहे की, कुंदन म्हणायचा, आई बोलते. तांबडी रेघ थोडी खाली आली होती. बंडूभाऊंनी त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. बंडूभाऊंना आई माहीत होती, म्हणजे आईचा मोगरा माहीत होता. कुंदन गावाहून यायला निघाला की आई ओल्या फडक्यात मोगऱ्याच्या कळ्यांची पुडी बांधून त्याच्या पिशवीत घालायचीच. बसमध्ये ती उमलायला लागायची आणि मूर्तिजापूर येईपर्यंत कुंदनचं डोकं चढायचं. लहानपणापासूनचं होतं ते. एकदा, चार-पाच वर्षांचा असताना, कळ्यांच्या ढिगाशेजारी झोपला होता, आणि उठला तो ओकत, डोकं धरून रडत. कोणीतरी उचलून विहिरीवर नेलं होतं, टाळूवर गार पाणी थापटलं होतं, किती तरी वेळ. तेवढंच आठवत होतं, ते पाणी आणि तो ओला हात. आईच असणार. तरी ती पुडी का देते हे त्याला कळत नसे, आणि तिचा हिरमोड नको म्हणून तो विचारतही नसे. दुसऱ्या दिवशी पुडी बंडूभाऊंच्या घरी जायची. त्यांच्या घरचे देव गेली कित्येक वर्षं आईच्या मोगऱ्यावर बसलेले.

शेवटच्या दिवसांत, अमरावतीच्या दवाखान्यात, नाकात नळी असताना आईने त्याला विचारलं होतं, फुलं लागले का रे. त्याला वाटलं बाजाराचं विचारते आहे. तो म्हणाला, बाजाराचं आता कशाला गं, तू पड. ती पडली. बाबा दाराबाहेर बाकावर बसलेले होते, टोपी गुडघ्यावर. आत यायचे, पलंगाच्या पायथ्याशी उभे राहायचे आणि जायचे. ज्या बाईमार्फत बोलायचं तीच पलंगावर, तर बोलावं कुणाशी?

आणि तेरवी झाली त्या दिवशीचं. मांडवात बाप-लेक एकाच सतरंजीवर, मध्ये हातभर अंतर. कुंदनला म्हणायचं होतं, बाबा, माझ्याकडे चला. जीभ उचलेना. मग त्याने काय करावं? पलीकडे मामा बसले होते, नत्थुजी, त्यांना म्हणाला, मामा, बाबांना सांगा अकोल्याला चला म्हणून. हातभरावरच्या बापाला हा निरोप मामामार्फत! नत्थुजी मामा म्हणजे भोळा सांब; त्यांनी मान वळवली आणि सांगितलं. बाबा समोर बघत काहीतरी म्हणाले. मामांनी मान परत वळवली आणि जसंच्या तसं आणून ठेवलं: तो म्हनते, अकोल्याले काय मरायले येऊ? मांडवात सगळ्यांना ऐकू गेलं. न शिजवलेलं वाक्य असं पहिल्यांदाच त्याच्या अंगावर आलं होतं. ते त्याला लागलं, फार लागलं. त्या रात्रीच तो निघून आला. तेव्हापासून बाबांची खबर तो शेजारच्या मळ्यातल्या सूर्यभानला विचारायचा, आणि सूर्यभान म्हणायचा, आहे बरा, जेवते, पानी देते, बोलत नाही. रागिणी रोज म्हणायची, तुम्ही स्वतः लावा ना फोन. तिनेही लावून पाहिला होता. पण बाबा सुनेशी काय बोलणार, वाजून वाजून थांबला. उद्या लावू, कुंदन म्हणायचा. उद्याचं उद्या.

आणि आज बाबांनी लावला. ज्याला आकडे दिसत नाहीत, ज्याने कधी बटण दाबलं नाही, त्याने सूर्यभानला विचारून विचारून लावला असणार, कानाशी धरून वाट बघितली असणार, आणि इकडून कोणी उचलला नाही. कुंदनला बाबांचा हात दिसला, फोन कानापासून काढून त्याच्याकडे बघणारा. ते परत लावणार नाहीत. हे त्याला स्पष्ट कळलं. बाबांनी पहिल्यांदा हात पुढे केला होता आणि तो हवेत राहिला. आता ते हात खिशात घालतील आणि उरलेलं आयुष्य तसेच त्या मळ्यात मुके फिरतील, आणि आपण सूर्यभानला विचारत राहू, जेवते का. लावायचा तर आज. पण लावला तर काय होईल, याचीही त्याला तेवढीच भीती वाटत होती. दीड महिना तो म्हातारा एकटा बोलतो आहे, मनात, ओसरीवर, कुणी ऐकायला नाही. काय काय साचलं असेल. आणि साचलं काय फक्त त्याचंच होतं? कुंदनच्याही गळ्याशी येऊन बसलं होतंच की. तुम्ही मांडवात असं का बोललात. तुम्ही माझ्याशी कधी का बोलला नाहीत. तुम्ही तिला एवढं का पळवलंत. आणि मी का पळवलं. हे असं एकदम जोडलं तर दोघांचीही लाली कायमची बसेल, परत फिरवून जाणार नाही.

तांबडी रेघ आपल्या जागी आली होती. बंडूभाऊ म्हणाले, आलं साहेब. कुंदनने बाहेरच्याचा आकडा हळूहळू खाली आणला, आतल्याच्या आकड्याशी नेला. आतला आत्ता किती वाफ देतो आहे? तेवढीच माग. जास्त नाही, कमी नाही. दोन आकडे सारखे झाले तसा त्याने चौकोन दाबला. चौकोन हिरवा झाला आणि काहीच झालं नाही. निळी रेघ हललीसुद्धा नाही. चांगलं जोडणं असंच असतं, बघणाऱ्याला वाटतं काही केलंच नाही. तो थोडा वेळ बघत राहिला. मग फोन उचलला, जिन्यात जाऊन उभा राहिला, जिथे एसी नव्हता आणि ऊन पायऱ्यांवर पसरलं होतं, आणि ‘आई’ या नावावर बोट ठेवलं.

पुष्कळ वाजल्यावर तो उचलला गेला. हॅलो नाही, काही नाही. वारा, एक टिटवी, आणि कुणाचा तरी श्वास. कुंदनच्या तोंडाशी ते सगळं आलं, मांडव, मामा, सगळं. त्याने ते गिळलं. तो माणूस आत्ता जिथे आहे तिथे जा, त्याने स्वतःला सांगितलं, तेवढंच विचार.

“काय करून राहिले, बाबा?”

“बसलो,” बाबा म्हणाले. कानाशी. आवाज ओळखीचा आणि तरी नवा, कारण तो नेहमी लांबून यायचा. कुठे बसले, तर विहिरीवर. जेवण झालं का, तर झालं. सूर्यभानच्या घरून भाजी आली होती, भाकर त्यांनी स्वतः टाकली, जाड होते पण पोटात जाते. ऊन? आहे. विजेची लाईन? आहे आता. एकेक शब्द, मध्ये लांब लांब जागा. कुंदनने त्या जागा भरल्या नाहीत. तेवढंच माग जेवढं देतो आहे. मग बाबा खाकरले आणि म्हणाले की तुले इचारायचं होतं म्हणून लावला होता मघा. इतकी वर्षं ‘त्याले’ होतं. आज तुले.

“मोगऱ्याचं इचारायचं होतं,” बाबा म्हणाले. “विहीर खाली गेली. वांग्याले पानी देतो तं मोगऱ्याले पुरत नाही, अन् मोगरा धरतो तं वांगे जातात. तसाई त्याले बाजारात भाव नाही, एका वळीचा मोगरा कोन घेते. म्या तं कवाचाच काढला असता. पन तुही माय म्हने, कुंदन म्हनते, मोगऱ्याबिगर गावाले आल्यासारखं वाटत नाही. दर सालाले म्हने. म्हनून ठेवला. आता तिले इचारता येत नाही, म्हनून तुले इचारून राहिलो. तुहा मोगरा आहे. काढू का ठेवू?”

कुंदन पायरीवर बसला. पायरी तापलेली होती. हे वाक्य त्याचं नव्हतं. जन्मात तो असं म्हणाला नव्हता. ज्याचं डोकं मूर्तिजापूरला फुटायला येतं तो असं कशाला म्हणेल? आणि मग त्याला सावकाश, तेल तापावं तसं, कळत गेलं. आई बाबांचीच वाक्यं शिजवून आपल्याकडे आणते, एवढंच तो धरून चालला होता. इकडची वाक्यं तिकडे जाताना काय होत होतं, हे त्याने कधी ऐकलंच नव्हतं. बाबा म्हणत होते, की मागच्या दिवाळीले तुले सुट्टी नाही भेटली तं तू फोनवर रडला म्हने, म्या म्हनलं तिले, रडते कायले, पुढच्या साली येईन. मागच्या दिवाळीला कुंदन रागिणीला घेऊन परतवाड्यावरून चिखलदऱ्याला गेला होता, आणि आईला म्हणाला होता की जमत नाही गं, सांग काहीतरी. तिने सांगितलं काहीतरी. तिकडे एक कुंदन होता जो दिवाळीला रडायचा, ज्याला मोगऱ्याशिवाय करमत नसे, आणि बाबा इतकी वर्षं त्या कुंदनशी बोलत होते.

पण मोगरा? दिवाळीचं ठीक, ते झाकायला होतं. मोगऱ्याने काय झाकायचं होतं? त्याला संध्याकाळची आई दिसली. सगळी कामं आवरून ती त्या ओळीत जायची, एकटी, ओच्यात कळ्या तोडत, हळूहळू, कुणाला घाई नसल्यासारखी; घरात पळणारी बाई तिथे चालायची. मधेच एक कळी नाकाशी धरायची. फुलं लागले का रे, तिने विचारलं होतं, नळीतून. बाजाराचं नव्हतं ते. ती ओळ तिची होती. वांग्याचं पाणी तोडून माझ्यासाठी एक ओळ ठेवा, असं त्या घरात ती कुणाला म्हणणार? सगळ्यांचं ती सांगायची, तिचं सांगायला कोण होतं? मग तिने पोराच्या नावावर मागितली. आणि त्याची पावती म्हणून दर खेपेला पोराच्या पिशवीत एक पुडी. कुंदनच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते येऊ दिलं. आतल्याला काय पाहिजे, हे विचारायची सोय त्याने शिकवलेल्या कुठल्याच जोडणीत नव्हती.

“कुंदन,” बाबा म्हणाले. “आहे का?”

“आहे.” मी असं कधी म्हणालो नाही बाबा, हे खरं वाक्य त्याच्या जिभेवर होतं. ते कच्चं होतं. त्याने ते तसंच ठेवलं आणि आईसारखं, तिला जेवढा वेळ लागायचा तेवढाच वेळ घेऊन, दुसरं दिलं. “ठेवा, बाबा. माहाच आहे तो. म्याच म्हनलो होतो तिले.”

पलीकडे वारा वाहत राहिला. टिटवी ओरडून गेली.  मग बाबा खालच्या आवाजात म्हणाले,

“डोकं नाही दुखत आता?”

कुंदनचा हात आपसूक टाळूवर गेला.

“लहानपनी लय दुखे तुहं,” बाबा म्हणाले. “इथंच आनलं होतं म्या तुले, विहिरीवर. पानी थापटून थापटून हात दुखला होता माहा, तवा झोपला तू.” त्यांना माहीत होतं. पहिल्या सालापासून माहीत होतं. हा मोगरा पोराचा नाही, कुणाचा आहे, हे ठाऊक असून त्या माणसाने तिला कधी तसं म्हटलं नाही, दर साली वांग्याचं पाणी तोडलं आणि म्हणाला, पोराचा आहे तं ठेवू. तिला सरळ मागता येत नव्हतं आणि ह्याला सरळ देता येत नव्हतं. मध्ये कुंदन होता, अकोल्यात, काही न कळता. इतकी वर्षं त्या दोघांच्या मधला आतला तोच होता.

“दुखते, बाबा,” कुंदन म्हणाला. आवाज त्याला आवरला नाही. “पन ठेवा.”

“बरं,” बाबा म्हणाले. “लाईन आहे तवरक देतो मंग पानी.”

फोन बंद कसा करतात हे बाबांना माहीत नव्हतं. त्यांनी तो तसाच विहिरीच्या काठावर ठेवला असावा, कारण दगडावर टेकल्याचा आवाज आला आणि मग चपला लांब गेल्या. मोटार चालू झाली. थोड्या वेळाने कुठूनतरी दुरून, सरीतून सरकत येणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला, आणि मधूनमधून फावड्याचा, कुणीतरी पाटाची मातीची दारं मोडून पाणी एका ओळीकडे वळवत असल्याचा. जिन्याच्या वरून बंडूभाऊंनी डोकावून हाताने सांगितलं, की तेल जागेवर आहे, काही काळजी नाही. कुंदनने मान हलवली. फोन कानाशी धरून तो तापल्या पायरीवर बसून राहिला. त्याने तो बंद केला नाही.